शरीराचा हिशेब कोणाच्या हाती?

आपण काय खातो आणि किती चालतो, याचा हिशेब ठेवावा काय? आणि ठेवायचाच असेल तर तो कोणाजवळ ठेवावा? पन्नास वर्षांपूर्वी कोणी असे विचारले असते, तर ऐकणारा हसला असता. जेवणाचा हिशेब खानावळवाल्याने ठेवावा आणि चालण्याचा चपलांनी, असे उत्तर त्याने दिले असते. आज मात्र हा हिशेब ठेवणारी ॲप्स आपल्यापैकी पुष्कळांच्या मोबाईलमध्ये आहेत. हैदराबादेत कोठीच्या गुजराती गल्लीत गेलात, तर मोबाईलच्या सामानाच्या दुकानांतून पावले मोजणारे मनगटी पट्टे टांगलेले दिसतील. उपासना संपल्यावर चहाच्या वेळी मंडळीतील माणसेही एकमेकांस विचारतात, "तुम्ही कोणते ॲप वापरता?" प्रश्न खरेदीचा वाटतो. परंतु जरा थांबून पाहिले, तर त्यात नीतीचे तीन-चार प्रश्न दडलेले आहेत, आणि त्यांचा विचार केल्यावाचून निवड करणे बरे नव्हे.

पहिला प्रश्न असा की, असे मोजणे मुळात योग्य आहे काय? कोणी म्हणतात, अन्न हे देणगी आहे. ते आभार मानून घ्यावे, वाटी-वाटीचा हिशेब करीत बसू नये. दुसरे म्हणतात, डॉक्टरांनी साखर सांगितली आहे, आता मोजल्यावाचून गत्यंतर नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पवित्र शास्त्रात मोजण्याच्या दोन्ही तऱ्हा आढळतात. अरण्यात मान्ना गोळा करताना प्रत्येक माणसामागे एक ओमर हे माप ठरवून दिले होते (निर्गम १६). ज्याने पुष्कळ गोळा केले त्याचे उरले नाही आणि ज्याने थोडे केले त्याला कमी पडले नाही. येथे माप आहे ते कोणी उपाशी राहू नये आणि कोणी साठवून ठेवू नये म्हणून. उलट, दावीद राजाने शिरगणती करविली, तेव्हा यवाबासारख्या रांगड्या सेनापतीलाही ती खटकली (२ शमुवेल २४). दावीदाचा नेमका दोष कोणता, यावर टीकाकारांचे एकमत नाही. परंतु त्याने मोजून घेतले ते तलवार चालविणारे पुरुष, एवढे तेथे स्पष्ट लिहिले आहे. मोजण्याची क्रिया एकच, पण एक मोजणी गरजेची आहे आणि दुसरी स्वतःच्या बळाची. म्हणून मोजावे की मोजू नये, हा प्रश्न अपुरा आहे. कशासाठी मोजावयाचे, हे आधी ठरविले पाहिजे.

या बाबतीत हैदराबाद शहराजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या देशात अन्न मोजण्याच्या शास्त्राचे मोठे केंद्र याच शहरात आहे. १९१८ साली रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टरांनी निलगिरीत कुन्नूर येथे बेरीबेरी या रोगाच्या शोधासाठी एका लहानशा प्रयोगशाळेत काम सुरू केले. पुढे तिचा विस्तार झाला, १९५८ साली ती संस्था हैदराबादेस आली आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. भारतीय अन्नपदार्थांत काय आणि किती असते, याचे कोष्टक त्या परंपरेत ॲक्रॉइड यांनी १९३७ साली प्रसिद्ध केले. डॉ. सी. गोपालन यांच्या हाताखाली ते नव्याने तयार झाले. २०१७ साली निघालेल्या कोष्टकात देशाच्या निरनिराळ्या भागांतून नमुने आणून ५२८ पदार्थांचे पृथक्करण दिले आहे.

हे सर्व मोजणे कशासाठी झाले? कोणाचा कमरपट्टा सैल व्हावा म्हणून नव्हे. सडीक तांदळावर जगणाऱ्यांचे पाय लुळे का पडतात, केवळ ज्वारीवर राहणाऱ्या दख्खनच्या मजुरांची कातडी का काळवंडते, गरिबांची मुले आंधळी का होतात, हे कळावे म्हणून ते झाले. या संस्थेच्या प्रयोगांच्या आधारेच १९७० साली लहान मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ज्याच्या ताटात काय कमी आहे हे कोणाला दिसत नव्हते, त्याचे ताट मोजले गेले. दुर्बलाकडे लक्ष देण्याचा हा एक मार्ग होता. आज मोबाईलवर आपण पोळी-भाजीची नोंद करतो तेव्हा त्यामागे असली कोष्टके असतात. हे ध्यानात ठेवले, तर मोजण्याला उगाच नावे ठेवण्याचे कारण उरत नाही.

काळ मात्र पालटला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या मंडळ्या यातून सुटलेल्या नाहीत. लग्न असो की नामकरण, बिर्याणी आणि डबल का मीठा यांवाचून हैदराबादच्या मराठी घरातही समारंभ होत नाही. आणि पंगतीत 'थोडेच घ्या' असा आग्रह करणाऱ्याला नको म्हणणे कठीण जाते. ज्याला साखर आहे, त्याने दिवसभरात काय गेले ते लिहून ठेवले आणि डॉक्टरांना दाखविले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांचेही ते देणे आहे.

आता दुसरा प्रश्न. ॲप जे मोजते ते खरे असते काय? त्याची कार्यपद्धती थोडी समजून घेतली पाहिजे. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमला चार कॅलरी आणि स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला नऊ, असे ढोबळ गणित असते. तुम्ही 'एक वाटी वांग्याची भाजी' असे लिहिता. परंतु वाटी कोणाच्या घरची? फोडणीला तेल एक चमचा की तीन? पाच ग्रॅमच्या एका चमचा तेलात सुमारे ४५ कॅलरी असतात, आणि ते तेल ताटाच्या फोटोत दिसत नाही. पुष्कळ ॲप्स परदेशी कोष्टकांवर उभी आहेत, काहींत वापरणाऱ्यांनीच घातलेल्या नोंदी असतात. अशा ठिकाणी ज्वारीची भाकरी आणि पिठले शोधून पाहा. एकाच पदार्थाचे चार निरनिराळे आकडे निघाले, तर आश्चर्य मानू नका. म्हणून आकडा अचूक दिसला तरी तो अंदाज आहे, हे विसरू नये. कल कोणीकडे आहे, एवढे सांगण्यापुरता त्याचा उपयोग आहे.

पावलांचेही तसेच. रोज दहा हजार पावले चालली पाहिजेत, असे आपण ऐकतो. हा आकडा कोणा वैद्याने प्रयोगाने काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकावयास काढले आणि त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे मीटर' अशा अर्थाचे ठेवले. तेथून तो आकडा जगभर गेला. २०१९ साली अमेरिकेत सुमारे १७ हजार वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत असे दिसले की, रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळ कमी होते आणि ७,५०० च्या सुमारास हा लाभ वाढण्याचे थांबले. आमच्या आजीबाईंनी दहा हजार झाली नाहीत म्हणून खंत करू नये, एवढा बोध यातून अवश्य घ्यावा.

आणखी एक गोष्ट आहे, व ती मला अधिक महत्त्वाची वाटते. मोबाईल खिशात असेल तरच पावले मोजली जातात. सकाळी पाचला उठून पाणी भरणारी, केर काढणारी, धुणे धुणारी बाई मोबाईल फळीवर ठेवून काम करते. तिचा दिवसाचा आकडा शून्याच्या आसपास येतो. संध्याकाळी तिचा नवरा बागेत दोन फेऱ्या मारून येतो आणि मोबाईल त्याला शाबासकी देतो. बेगम बाजारात पोती वाहणारा हमाल, सुलतान बाजारात दहा तास उभा राहून साड्या उलगडून दाखविणारा नोकर, यांच्या श्रमाला व्यायाम म्हणण्याची आपली रीत नाही. यंत्राने जे मोजले नाही ते घडलेच नाही, असे मानू लागलो तर आपण आपल्याच घरात अन्याय करू. ॲप निवडताना घरातील माणसांनी एकत्र बसून एवढे तरी बोलावे.

तिसरा प्रश्न, हा हिशेब कोणाच्या हाती राहतो? पुष्कळ जण म्हणतात, "माझ्या वरणभाताची माहिती चोरून कोणाला काय मिळणार?" परंतु अशा वहीत केवळ वरणभात नसतो. वजन, झोपेची वेळ, आजार, स्त्रियांची पाळी, रोज कोणत्या रस्त्याने आपण फिरावयास जातो, हे सर्व त्यात असते. २०१८ साली मायफिटनेसपाल या ॲपच्या सुमारे १५ कोटी खात्यांची नावे, ई-मेल पत्ते आणि सांकेतिक रूपातील पासवर्ड चोरीस गेले. त्याच वर्षी स्ट्रावा या व्यायामाच्या ॲपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून निरनिराळ्या देशांतील लष्करी तळांच्या जागा लोकांच्या ध्यानात आल्या, कारण तेथील सैनिक पळताना आपला मार्ग नोंदवीत होते. त्या सैनिकांपैकी कोणी गुपित फोडावे म्हणून धावला नव्हता. एकेकाची नोंद निरुपद्रवी होती. सर्वांच्या मिळून ती धोक्याची झाली. तेव्हा आपल्याजवळ लपविण्यासारखे काही नाही, एवढे म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. आपल्या नोंदीत आपल्या घरच्यांचाही भाग असतो.

व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली मंजूर केला आहे. आपली संमती घेतली जावी आणि आपली माहिती पुसून मागता यावी, अशी तरतूद त्यात आहे. परंतु अटींचे लांबलचक पान न वाचता 'मान्य' या शब्दावर बोट ठेवणाऱ्याला कोणताही कायदा पुरा पडत नाही. फुकट मिळणारे ॲप कोणाच्या पैशावर चालते, हेही विचारावे. ते जाहिरातींवर चालत असेल किंवा आपण घाबरून त्याची महागडी योजना विकत घ्यावी यावर चालत असेल, तर त्याचा सल्ला तितक्या सावधपणे घ्यावा.

चौथा प्रश्न माणसाच्या मनाचा आहे. ही ॲप्स 'सलग इतके दिवस' असा आकडा दाखवितात. ताप आला, एक दिवस पडून राहिलो की साखळी तुटते. विसाव्याचा दिवस त्यांना ठाऊक नसतो. सहा दिवस श्रम आणि एक दिवस विश्रांती हे ज्यांनी लहानपणी पाठ केले, त्यांनी रविवारी मोबाईलच्या टोचणीने अपराधी वाटून घ्यावे, हे विपरीत आहे. त्याहून गंभीर गोष्ट तरुण मुलींची आणि मुलांची. वाढत्या वयात कोणाच्या मनाने एकदा आकड्यांचा ध्यास घेतला, की ती ताटापासून दूर होऊ लागतात. जेवणाच्या वेळा टाळतात, आरशाला भितात. अशा मुलाला बक्षीस देणारे ॲप हानीच करते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस मी विनंती करीन की, वर्गात कोणाच्या वजनाची थट्टा होऊ देऊ नका आणि पावलांच्या स्पर्धा लावू नका. मूल जेवणे टाळते असे दिसले, तर पालकांशी हळूच बोला आणि डॉक्टरांकडे जाण्यास सांगा. जे उपजत बारीक आहेत, ज्या गर्भवती आहेत, जे दुखण्यातून उठले आहेत, त्यांनीही डॉक्टरांना विचारल्यावाचून अन्न कमी करणारे ॲप घेऊ नये.

मग निवड कशी करावी? मला सुचते ते थोडक्यात सांगतो. आपले कारण आधी कागदावर एका वाक्यात लिहावे. कारण लिहिता आले नाही, तर ॲपची गरज नाही. आपल्या भाषेत, आपले पदार्थ आणि आपली वाटी ओळखणारे ॲप पाहावे. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही भारतीय पदार्थांच्या कोष्टकावर आधारलेले एक ॲप काढले होते. कोणतेही ॲप घेताना त्याची कोष्टके कोठून आली, हे तसेच पडताळावे. जे कमीत कमी माहिती मागते, खाते न उघडता चालते आणि नोंदी पुसू देते, ते पसंत करावे. पंधरा दिवस वापरून पाहावे. दानीएल व त्याच्या सोबत्यांनी दहा दिवसांची मुदत मागून घेतली होती, आणि त्या मुदतीनंतर मनुष्यांनी त्यांची तोंडे पाहून निर्णय केला. आपणही तसेच करावे. झोप बरी लागते काय, जिना चढताना धाप कमी लागते काय, रक्तातील साखर उतरली काय, आणि घरात जेवताना आपण पूर्वीपेक्षा चिडखोर झालो की नाही, हे बायकोला किंवा नवऱ्याला विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वाईट आले, तर आकडे कितीही चांगले असोत, ते ॲप काढून टाकावे.

कित्येकांना एक साधी वही पुरेल. तिची माहिती कोणी चोरत नाही आणि ती कोणाला टोचणी लावीत नाही. तिच्यात एक रकाना मात्र अधिक आखावा: आज माझ्या ताटातले कोणाला दिले. मान्नाचे माप सर्वांना पुरावे म्हणून होते. आपल्या वस्तीत आजही असे शेजारी आहेत, ज्यांच्या घरी मोजण्याइतके शिजत नाही. आपल्या पोटाचा हिशेब ठेवणाऱ्याने त्यांच्या चुलीकडेही एकवार पाहून यावे.