भूक नसलेला मासा

आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय ८, श्लोक १९ ते २१



अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये आज मासा. काल हरीण झालं. ते कानाने अडकलं, मासा जिभेने अडकतो. नव्याने वाचायला लागलेल्यांसाठी एवढंच सांगतो: श्रीकृष्ण उद्धवाला एक जुना संवाद सांगतायत. यदुराजाने एका अवधूताला विचारलं की, बाबा, तुम्ही इतके आनंदात कसे? त्यावर अवधूताने आपल्या गुरूंची यादीच दिली. पृथ्वी, वारा, समुद्र, पतंग, हत्ती... आणि त्यात मासा. आपल्या नाथांचं एकनाथी भागवत याच अकराव्या स्कंधावर आहे. १५७३ साली काशीत ते पूर्ण झालं. घरात असेल तर आज काढून बघा.

माशाला मूळ भागवतात फक्त तीन श्लोक मिळाले आहेत. पहिल्याचा अर्थ सोपा: चवीला भुललेला माणूस गळाला लागलेल्या माशासारखा मरतो. दुसरा जरा चमकवणारा आहे. उपाशी राहून शहाणी माणसं बाकीची इंद्रियं पटकन जिंकतात, पण जीभ नाही. ती उपासाने उलट वाढते. तिसऱ्यात निर्णय दिलाय: बाकी सगळं जिंकलं आणि रस जिंकला नाही, तर तो माणूस जितेंद्रिय नाही. रस जिंकला की सगळं जिंकलं.

हे तीन श्लोक मी गेले दोन आठवडे मनात घोळवतोय, कारण एका मेलला उत्तर द्यायचं होतं. मेल डोंबिवलीच्याच एका मुलाचा. वय २६, नोकरी ठाण्यात, पगार बरा. त्याने परवानगी दिली म्हणून लिहितोय, ओळख पटेल असं काही देत नाही. फोनवर त्याला घरबसल्या कामाचा मेसेज आला. व्हिडिओ लाइक करायचे, पैसे मिळवायचे. पहिल्या दिवशी खरंच १५० रुपये जमा झाले. मग २,००० भरा, २,८०० घ्या, तेही मिळाले. मग रक्कम वाढत गेली, परत येणं थांबलं, आणि अडकलेले सोडवायला आणखी भरा असं सुरू झालं. अकरा दिवसांत ३ लाख ४० हजार गेले. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते.

त्याने लिहिलं होतं, "दादा, सगळे म्हणतील लोभी होता. पण मला खरंच पैशांची नड नव्हती. मग मी का गेलो? आता माळ हातात घ्यायची लाज वाटते. हरिपाठाला यायचं बंद केलंय."

गरज नव्हती, तरी गेला. हा प्रश्न मला पैशांपेक्षा मोठा वाटला, म्हणून आधी माशाकडेच गेलो.

आमच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना गळाचा नाद. डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदरावर, कधी कल्याणला दुर्गाडीच्या खाली, कधी घोडबंदरच्या बाजूला गायमुखला. उल्हास नदी इथे खाडी होऊन वसईकडे जाते, भरतीचं खारं पाणी आत येतं आणि त्याच्याबरोबर जिताडा येतो. काकांकडे सात-आठ फुटी दांडी, रीळ, आणि डब्यात रंगीत नकली मासे. ते त्याला लुअर म्हणतात. बोटभर लांब, प्लास्टिकचं अंग, काचेसारखे डोळे, पोटाखाली तीन तोंडांचे गळ. कोळंबी नाही, मांस नाही, वास नाही.

ओहोटी लागली की खारफुटीतलं पाणी बाहेर यायला लागतं, त्याच्याबरोबर बारकी मासळी. जिताडा तोंडाशी दबा धरून असतो. काका बरोबर तिथे फेकतात. मग हळू गुंडाळतात, एक झटका, पुन्हा गुंडाळणं, आणि मध्येच थांबणं. नकली मासा पाण्यात थरथरतो आणि गप्प होतो. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते, पाण्यातली थरथर त्याला तिच्यातून कळते. बऱ्याचदा झडप पडते ती थांबण्याच्या क्षणाला.

मी विचारलं, "काका, भूक लागलेली असते म्हणून घेतो ना?"

"भूक? अरे बाळा, पोट टम्म असलेला पण घेतो. समोरनं काहीतरी पळतंय हे त्याला बघवत नाही, बस."

मला वाटलं काका गंमत करतायत. मग सिएटलला राहणाऱ्या आमच्या एका सत्संगी मित्राशी बोललो. तिकडे सॅल्मन. (आपल्याकडे हॉटेलात रावसाला 'इंडियन सॅल्मन' लिहितात, पण दोघांचं घराणं वेगळं.) विषम सालांत, म्हणजे २०२३, २०२५ अशा वर्षी, उन्हाळा संपताना गुलाबी सॅल्मनचे थवे पुजेट साउंडच्या किनाऱ्याजवळून जातात, आणि लोक वाळूवर आणि धक्क्यांवर ओळीने उभे राहून चकाकणारी नकली आमिषं फेकत असतात. सॅल्मन समुद्रातून आपल्या जन्माच्या नदीकडे निघालेला असतो, अंडी घालायला. नदीत शिरला की तो खाणं सोडतो. पोट आक्रसतं. पुढचा सगळा प्रवास अंगातल्या साठ्यावर. आणि तरीही, खाणं सुटलेला तो मासा समोरून पत्र्याचा तुकडा चमकत गेला की तोंड मारतो! का मारतो यावर गळवाल्यांत वर्षानुवर्षं वाद आहेत. कुणी म्हणतं राग, कुणी म्हणतं जागेचा हक्क, कुणी म्हणतं समुद्रातली जुनी सवय.

घरी निघालेला मासा, भूक नसलेला मासा, आणि प्लास्टिकला लागतो. त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे दिसलं. तोही घरीच निघालेला होता. रोज एक माळ, रविवारी हरिपाठ. अडकायला लोभ लागतोच असं नाही. समोर काहीतरी हललं आणि हात गेला, एवढंही पुरतं.

भागवतातल्या माशाला निदान मांसाचा तुकडा तरी मिळत होता. चव लागायची आणि मग काटा. आपल्याला चवही मिळत नाही. रात्री साडेअकराला अंगठा खालून वर जातोय, तेव्हा नक्की कोणता रस मिळतो, सांगा बरं? आताची जीभ अंगठ्यात उतरली आहे. (आणि काकांच्या दांडीवरच्या चाकालाही रीळ म्हणतात. मी काही बोलत नाही.)

आपल्या भाषेत एक शब्द फार मजेशीर आहे: आमिष. त्याचा अर्थ मांसही, आणि गळाला लावायचा तुकडाही. म्हणून सामिष, निरामिष. आपल्यातले कितीतरी जण माळ घालून ताटात निरामिष झालेले असतात. ताटाबाहेर काय? हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, आणि मासे खाणाऱ्यांबद्दल तर नाहीच. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यासारख्या ठिकाणी मासळीवर पिढ्या जगल्या, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊनच त्यांचा हंगाम सुरू व्हायचा. त्यांच्या भक्तीला माझं प्रमाणपत्र नको. मी बोलतोय ते ताटात काय आहे यापेक्षा, तोंड कशाला उघडतं याबद्दल.

मग उपाय काय? आपला पहिला उपाय ठरलेला: उपास. एकादशीला ॲप काढून टाकायचं. आणि द्वादशीला पारणं! दोन दिवसांचं एका दिवसात. हसू नका, हेच दुसऱ्या श्लोकात आहे. नुसतं बंद केल्याने जीभ वाढते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ५९व्या श्लोकातही भगवान तेच सांगतात: उपाशी माणसापासून विषय लांब जातात, पण त्यांची गोडी मागे राहते, आणि ती गोडी जाते ते परतत्त्व पाहिल्यावर. म्हणजे जिभेला शिक्षा करून काम होत नाही. तिला जास्त गोड काहीतरी लागावं लागतं.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. अकराव्या स्कंधात माशाच्या श्लोकात गळाला 'बडिश' हा शब्द आलाय. हाच शब्द तिसऱ्या स्कंधाच्या २८व्या अध्यायातही आहे, आणि तिथे तो पूर्ण उलटा फिरतो. कपिल मुनी आपल्या आईला, देवहूतीला, ध्यान शिकवतायत. हरीच्या चरणांपासून सुरुवात, एकेक अवयव, मग त्याचं हसू. प्रेम दाटून येतं, अंगावर काटा, डोळ्यांत पाणी. आणि तिथे ते साधकाच्या चित्तालाच गळ म्हणतात! हरीला धरायला टाकलेला गळ. आणि काम झाल्यावर तोही हळूहळू सुटतो.

बघा ना, एकाच ग्रंथात एका ठिकाणी आपण मासा आहोत आणि दुसऱ्या ठिकाणी गळ आपल्या हातात आहे. जे मन प्लास्टिकला भुललं, तेच मन कपिल फेकायला सांगतात. वेगळं, स्वच्छ, न चुकलेलं मन आणा, मग बघू, असं ते कुठेच म्हणत नाहीत. त्या मुलाला मी हेच लिहिलं. लाज वाटते म्हणून माळ ठेवून देणं म्हणजे हातात असलेला एकच गळ पाण्यात सोडून देणं.

आणि गळ टाकणं म्हणजे काय, हे काकांकडे बघून कळतं. सकाळी दोन-तीन तासांत शंभरेक वेळा फेकत असतील. बहुतेक दिवशी काहीच लागत नाही. खाडीचं पाणी आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, मासाही कमी झालाय, हे ते स्वतःच सांगतात. पण रिकामा आला म्हणून ती फेक वाया गेली असं त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. गुंडाळलं, शेवाळ काढलं, पुन्हा फेकलं. आपण मात्र सात मिनिटं जप करतो, मन चार वेळा ऑफिसात जाऊन येतं, आणि लगेच निकाल: मला जमत नाही. अरे, मन गेलं आणि परत आणलं, ती एक फेक झाली! रामकृष्ण परमहंसांच्या गोष्टीत अवधूताला असाच एक गळवाला भेटतो. अवधूत रस्ता विचारतो, पण मासा लागायच्या बेतात असल्याने तो उत्तरच देत नाही. मासा हाती आल्यावर वळून विचारतो, काय म्हणत होता? अवधूत त्यालाही गुरू म्हणून नमस्कार करतो.

त्या मुलाला अजून एक गोष्ट सांगितली, तीही काकांकडूनच शिकलेली. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. आत जाताना कळत नाही, बाहेर ओढलं की जास्त रुततो. एकदा तो काकांच्या स्वतःच्या बोटात घुसला. त्यांनी ओढला नाही. दात आवळून पुढे ढकलला, टोक बाहेर आलं, काटा पक्कडीने तोडला, मग गळ सहज मागे निघाला. (तुम्ही मात्र डॉक्टरकडे जा.) गेलेले पैसे परत मिळवायला आणखी पैसे भरणं म्हणजे ओढणं. घरात लपवणं म्हणजेही ओढणंच. पुढे ढकलणं म्हणजे जिथे दुखणार आहे तिकडे जाणं: बँकेला कळवणं, सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर लगेच फोन करणं, आणि आईसमोर बसून सांगणं.

शेवटचं त्याला सर्वांत जड गेलं. तीन दिवस घेतले. मग सांगितलं. आई रडली, म्हणाली, "गुडघा कुठे पळून जातोय? तू जेवलास का आधी?" तक्रार नोंदवली आहे, थोडी रक्कम बँकेत गोठवलीये म्हणे. किती परत येईल, कधी येईल, काही ठरलेलं नाही. हरिपाठाला अजून आलेला नाही. घरी एक माळ सुरू केलीये असं परवा कळवलं, त्यातली अर्धी मोबाइलकडे बघण्यात जाते हेही प्रामाणिकपणे लिहिलंय.

तुमच्यापैकी कुणी अशाच गळाला लागलेलं असेल आणि घरी सांगितलं नसेल, तर आधी १९३० ला फोन करा, मग मला मेल करा. वेळ फार महत्त्वाची असते यात.

आज रात्री ११ माळा वगैरे काही ठरवू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दहा मिनिटं नाम घ्या. मन किती वेळा गेलं ते मोजू नका, परत किती वेळा आणलं ते हवं तर मोजा.

उद्या श्लोक २२ पासून पिंगला. तीही दारात उभी राहून मध्यरात्रीपर्यंत वाट बघतेय, प्रत्येक येणाऱ्या पावलाकडे. तिची गोष्ट मोठी आहे, दोन दिवस घेऊ.

रामकृष्ण हरी!