एका अंशात किती दीर्घिका?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ४२



दहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला आपल्या विभूती सांगत जातात. नक्षत्रांत चंद्र मी, शिखरांत मेरू मी. शेवटच्या श्लोकात मात्र ते यादीच थांबवतात. एवढं सविस्तर जाणून काय करशील, माझ्या एका अंशाने मी हे सगळं जग धरून आहे, असा त्या श्लोकाचा भाव.

'सगळं जग' म्हणजे केवढं? मोहर्लीला, ताडोबाच्या गेटजवळ, डिसेंबरच्या अमावस्येला अंगणातले दिवे बंद केले की डोक्यावर, जरा उत्तरेला, एक पुसट ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षं लागतात! बाकी दिसणारे सगळे तारे आपल्या आकाशगंगेतलेच.

देवयानी आणि आकाशगंगा दोन्ही सर्पिल, भोवऱ्यासारख्या. आपली साधारण १ लाख प्रकाशवर्षं रुंद. एम ८७ सारख्या काही लंबवर्तुळाकार, मॅगेलनच्या मेघांसारख्या काही अनियमित. संख्येने सगळ्यात जास्त मात्र छोट्या, बटू दीर्घिका. आणि २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका व आयसरच्या शास्त्रज्ञांनी दीर्घिकांचा एक महासमूह शोधल्याचं जाहीर केलं. त्याचा पसारा ६० कोटी प्रकाशवर्षं. नाव ठेवलं 'सरस्वती'.

मोहर्लीच्या अंगणात हे बोलणं चाललं असताना, नुकतेच वडील गमावलेल्या एका मैत्रिणीने विचारलं, "एवढ्या पसाऱ्यात माझे बाबा कुठे मोजले जाणार रे?"

मित्रांनो, आपण देवाला नकळत सर्व्हर समजतो. युजर वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी. पण वाटल्याने कमी होतं ते मर्यादित असतं. अनंताचे कितीही वाटे करा, प्रत्येकाला तो पूर्णच मिळतो. बटू दीर्घिकेतले तारे ज्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेत, त्यानेच महाकाय दीर्घिकाही बांधल्यात. लहानासाठी वेगळा, हलका दोर नाही. भगवंतही 'एका अंशाने' म्हणतात. त्यात सरस्वती आली, आणि तिचे बाबाही आले.

याने बाबा परत येत नाहीत, दुःख राहतंच. पण आपल्या हातून सुटलेलं माणूस त्याच्या हातून सुटलेलं नसतं.

आज झोपण्याआधी गच्चीवर जा. शहरात देवयानी नाही दिसणार, चालेल. ज्याची आठवण येते त्याचं नाव घ्या, आणि मग हरीचं.