आपला दोष आणि दुसऱ्याचे डोळे

गोल्फ हा खेळ आमच्या बहुतेक वाचकांच्या केवळ ऐकण्यांतला असावयाचा. कलकत्त्यास १८२९ सालीं गोल्फचा क्लब निघाला आणि ब्रिटनबाहेरील तो सर्वांत जुना मानला जातो. परंतु मराठी मध्यमवर्गानें या खेळाशीं फारशी सलगी केलेली नाहीं. नाशिकास तर गोल्फ क्लबचें म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर रणजी करंडकाचे क्रिकेट-सामने झाले आहेत! तरीहि या दूरच्या खेळांतील एक प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों. फटक्यांत दोष शिरला असतां तो घालविण्यासाठीं खेळाडूनें बाजारांतील एखादें साधन विकत घ्यावें, कीं शिक्षकाकडे जावें? वरवर पाहतां हा खर्चाचा प्रश्न दिसतो. आमच्या मतें तो माणसाला स्वतःचा दोष दिसतो कीं नाहीं, या प्रश्नाचाच एक पोटभाग आहे.

काठी मागें वर नेऊन ती खालीं चेंडूवर आणण्याची जी सलग हालचाल, तिला गोल्फमध्यें स्विंग म्हणतात. नवशिक्याच्या स्विंगला जडणारा नेहमींचा रोग म्हणजे स्लाइस. उजव्या हातानें खेळणाऱ्याचा चेंडू थोडें अंतर बरा जातो आणि मग हवेंतल्या हवेंत उजवीकडे वळून झाडींत शिरतो. याचें कारण असें कीं, चेंडूस लागतेवेळीं काठीचें तोंड तिच्या मार्गाच्या मानानें उजवीकडे उघडें राहिलेलें असतें, व त्यामुळें चेंडूला तिरकी फिरकी मिळते. आतां खेळाडू काय करतो? चेंडू उजवीकडे जातो हें तो पाहतो आणि कोणाहि शहाण्या माणसाप्रमाणें पुढच्या वेळीं काठी अधिक डावीकडे ओढतो. त्यायोगें काठीचा मार्ग डावीकडे कलतो, मार्ग व तोंड यांमधील कोन वाढतो, आणि चेंडू पूर्वीपेक्षांहि जास्त वळतो. दोषावर सामान्य बुद्धीनें योजलेला उपायच येथें दोषाला खतपाणी घालतो. बरें, काठी व चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारें दोन-हजाराव्या भागापुरताच टिकतो. तेवढ्यांत काय घडलें हें हाताला कळणें शक्य नाहीं. शिवाय वर्षानुवर्षें अंगवळणी पडलेली वांकडी हालचाल शरीरास सरळच वाटते, आणि कोणीं ती सरळ करून दिली तर तीच वांकडी वाटूं लागते.

अशा माणसासाठीं बाजारांत साधनांचा सुकाळ आहे. मध्येंच बिजागरी असलेली काठी मिळते; स्विंग बिघडला कीं ती मोडून लटकते. दोन्ही बाहू जखडून ठेवणारे पट्टे मिळतात, मनगटावर बांधावयाचीं यंत्रें मिळतात, काठीला अडकवावयाचीं वजनें मिळतात. यांतील कोणतेंहि निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. सॅमोनी, श्मिट व वॉल्टर या अभ्यासकांनीं १९८४ सालीं कौशल्य-शिक्षणासंबंधीं एक विचार मांडला. त्याचा आशय असा कीं, प्रत्येक प्रयत्नास बाहेरून आधार किंवा निर्णय मिळत गेला तर सराव चालूं असतां काम सुधारलेलें दिसतें. पण तो आधार काढून घेतला कीं सुधारणाहि ओसरते, कारण शिकणारा त्या आधारावरच विसंबून राहिलेला असतो. आणि गोल्फच्या सामन्यांत हा आधार काढून घेतला जातोच. खेळ चालूं असतां अशीं साधनें वापरण्यास नियमांनीं बंदी आहे. ज्यूली इंक्स्टर या अमेरिकेच्या नामांकित खेळाडू. २०१० सालीं एका स्पर्धेंत ताटकळत उभें राहावें लागलें असतां त्यांनीं काठीस वजनाचें कडें अडकवून हात मोकळे केले, एवढ्यावरून त्या स्पर्धेंतून बाद झाल्या. शिक्षा कठोर खरी.

तथापि साधनाची खरी उणीव आम्हांस याहून वेगळी वाटते. साधन निवडतो कोण? ज्या बुद्धीनें काठी डावीकडे ओढली, तीच बुद्धि दुकानांत जाऊन साधन पसंत करते. रोग्यानें नाडी न दाखवितां स्वतःच औषध ठरवावें, तशांतला हा प्रकार. तंबोरा सूर देतो. पण गळा त्या सुरापासून ढळला हें तंबोरा बोलून दाखवीत नाहीं, त्याला दुसरा कान लागतो. मग माणूस त्या दुसऱ्या कानाकडे, दुसऱ्या डोळ्यांकडे कां जात नाहीं? पैसे वांचतात म्हणून नव्हे. अडगळींत पडलेल्या साधनांचा हिशेब केला तर पुष्कळ धडे त्यांत बसले असते. खरें कारण लाजेचें आहे. साधन हंसत नाहीं, आणि शेजाऱ्यांस न कळत कपाटांत ठेवतां येतें. कचेरींत ज्याच्या शब्दास मान आहे, अशा पन्नाशीच्या गृहस्थानें आपल्या निम्म्या वयाच्या शिक्षकापुढें उभें राहून चेंडू झाडींत मारून दाखवावयाचा, हें सोपें नाहीं. त्याला सुधारावयाचें असतें. फक्त आपण अपुरे आहों हें कोणीं पाहूं नये अशी त्याची इच्छा असते. या दोन इच्छा एकत्र नांदत नाहींत, आणि बाजार मात्र त्या एकत्र नांदतील असें आश्वासन विकतो.

यावर कोणी म्हणेल, शिक्षक तरी कोठें सर्वज्ञ आहेत? आक्षेप योग्य आहे. चेंडू काठीच्या मार्गाच्या दिशेनें निघतो, असें अनेक शिक्षक दशकानुदशकें सांगत आले. तो मुख्यतः काठीच्या तोंडाच्या दिशेनें निघतो, हें या शतकाच्या आरंभीं आलेल्या रडार-यंत्रांनीं खेळाडूंच्या पदरांत घातलें. म्हणजे येथें यंत्रानेंच गुरूंना धडा दिला. पुन्हा, ‘कोपर सांभाळा, मनगट सांभाळा’ असा जप करणाऱ्या शिक्षकांपासून लाभ थोडा. गाब्रिएले वुल्फ व त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं नवशिक्यांवर केलेल्या प्रयोगांत, आपल्या बाहूंकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षां काठीच्या गतीकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. वाईट शिक्षकापेक्षां बिजागरीची काठी बरी, हें आम्हांस मान्य आहे.

परंतु चांगला शिक्षक काय करतो हें पाहावयाचें तर टेक्सासमधील ऑस्टिनच्या हार्वी पेनिक यांच्याकडे पाहावें. टॉम काइट व बेन क्रेनशॉ हे दोघे त्यांचे शिष्य. एकाचा धडा चालूं असतां दुसऱ्यास ते पाहूं देत नसत, कारण एकाचें औषध दुसऱ्यास लागूं पडेलच असें नाहीं. साधन बनविणाऱ्यास हा भेद करतां येत नाहीं. त्याला एकच वस्तु सर्वांस विकावयाची असते. १९९५ च्या वसंतांत पेनिक अंथरुणास खिळले असतां क्रेनशॉनें त्यांना आपली चेंडू ढकलण्याची पद्धत दाखविली आणि सल्ला घेतला. त्यावेळीं क्रेनशॉचें वय त्रेचाळीस होतें, मास्टर्स ही मोठी स्पर्धा त्यानें पूर्वीं एकदां जिंकलेली होती, तरी मरणासन्न वृद्धाकडून चूक काढून घेण्यांत त्याला कमीपणा वाटला नाहीं. एप्रिलच्या आरंभीं पेनिक वारले. त्यांना खांदा देऊन क्रेनशॉ परतला आणि त्याच आठवड्यांत मास्टर्स दुसऱ्यांदा जिंकला.

ज्यांना साधन परवडत नाहीं आणि शिक्षकहि परवडत नाहीं, त्यांचें काय? १९९१ व १९९३ सालीं इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर कॅडीचें काम करून वर आले. कॅडीनें दुसऱ्याच्या काठ्या खांद्यावर वाहावयाच्या, दिवसभर मागें उभें राहून दुसऱ्याचा फटका पाहावयाचा आणि चेंडू कोणत्या झाडींत गेला तें शोधून काढावयाचें.