तरुणांचा सन्मान आणि पैगंबरी रीत



पुण्याहून पौडमार्गे कोळवणकडे निघाले की शहर मागे पडते आणि भाताची खाचरे सुरू होतात. मुळशी तालुक्यातील या गावी चिन्मय मिशनचे ‘चिन्मय विभूती’ हे केंद्र आहे आणि तेथे तरुणांची शिबिरे भरतात. एखादा समाज आपल्या मुलांसाठी डोंगराच्या कुशीत जागा राखतो, जाणत्या माणसांचा वेळ राखतो, ही गोष्ट शेजाऱ्याने शेजाऱ्याकडून घेण्यासारखी आहे. श्रद्धा वेगळी असली तरी चांगल्या कामाचे चांगलेपण मान्य करण्यास आपला धर्म आड येत नाही. मात्र ते मान्य करताना एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या मशिदीत, आपल्या जमातीत तरुणांसाठी आपण काय राखून ठेवले आहे?

प्रामाणिकपणे पाहिले तर उत्तर अवघड आहे. मुळशी-मावळच्या गावांत पावसाळ्यात मय्यत झाली, तर चिखलात उतरून कबर खोदणारे हात तरुणांचे असतात. मध्यरात्री रुग्णाला ससूनपर्यंत नेणारा, रक्ताची बाटली मिळवण्यासाठी धावणारा, रमजानमध्ये इफ्तारचे दस्तरख्वान अंथरणारा आणि सर्वांचे झाल्यावर शेवटी खजूर तोंडात टाकणारा बहुधा वीस-बावीस वर्षांचा असतो. काम असते तेव्हा आपण त्याला नावाने हाक मारतो. निर्णय घ्यायचा असतो तेव्हा मात्र तो दाराबाहेर चपला नीट लावत उभा असतो. पुढे तोच तरुण मशिदीपासून दुरावला, एखाद्या पुढाऱ्याच्या फलकावर झळकू लागला किंवा सर्व सोडून मोबाइलमध्ये रमला, की आपण म्हणतो, “आजकालच्या पिढीत दीन उरला नाही.” दीन उरला नाही, की त्याला आपल्यात जागा उरली नाही, हे तपासण्याची तसदी आपण घेत नाही.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. सेवा ही केवळ अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी असते, मग सन्मानाची भाषा कशाला? कौतुकाने रिया, म्हणजे दिखाऊपणा, निर्माण होणार नाही काय? शंका रास्त आहे. दिव्य कुरआनच्या सूरह अल्-इन्सानमध्ये त्या नेक लोकांचे वर्णन आहे, जे गरीब, अनाथ व कैद्याला जेवू घालतात आणि त्याबद्दल मोबदला तर नाहीच, आभाराचीही अपेक्षा करीत नाहीत. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तोंडावर केलेल्या अतिरेकी स्तुतीपासूनही आपल्या साथीदारांना रोखले होते. परंतु त्याच पैगंबरांनी हेही शिकविले, की जो माणसांचे आभार मानीत नाही तो अल्लाहचेही आभार मानीत नाही. या दोन शिकवणींत विरोध नाही, कारण पहिली सेवा करणाऱ्यासाठी आहे आणि दुसरी सेवा घेणाऱ्यासाठी. त्याने अपेक्षा ठेवू नये, आपण कृतज्ञता सोडू नये. आपण नेमके उलट करतो. त्याच्या वाट्याची नि:स्पृहता त्याला वारंवार ऐकवितो आणि आपल्या वाट्याचे ऋण सोयीस्करपणे विसरतो.

मग सन्मान करायचा कसा? पैगंबर (स.) यांच्या जीवनात या प्रश्नाचे उत्तर शाल, नारळ आणि हारांत सापडत नाही. ते तीन गोष्टींत सापडते.

पहिली गोष्ट म्हणजे, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही त्याची आठवण ठेवणे. मदीनेच्या मशिदीत झाडलोट करणारी एक व्यक्ती होती. काही कथनांत ती सावळ्या वर्णाची स्त्री असल्याचे आले आहे, तर काहींत तरुण. तिचे निधन झाले. लोकांनी ही बाब किरकोळ समजली आणि पैगंबरांना न कळविताच दफनविधी उरकला. ती दिसेना म्हणून पैगंबरांनी स्वतः चौकशी केली, आपल्याला का कळविले नाही असे विचारले, कबर दाखविण्यास सांगितले आणि तेथे जाऊन नमाज अदा केली. एका राज्याचा प्रमुख झाडू मारणाऱ्या व्यक्तीची अनुपस्थिती टिपतो! आपल्या मशिदीत नेहमी पाणी भरणारा मुलगा आठवडाभर आला नाही, तर आपल्याला ते जाणवते काय? की हौद रिकामा झाल्यावरच त्याची आठवण होते?

झाडूचा मान या मुळशीच्या इतिहासालाही परका नाही. 1921 साली टाटा कंपनीच्या धरणासाठी आपल्या जमिनी जाऊ नयेत म्हणून येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. त्या लढ्याने ज्यांना ‘सेनापती’ हे नाव मिळवून दिले, ते पांडुरंग महादेव बापट त्यापूर्वी पारनेरला हाती झाडू घेऊन रस्ते स्वच्छ करीत असत. ज्याला हलके काम कमीपणाचे वाटत नाही, त्याच्याच मागे लोक उभे राहतात. नेतृत्वाची पहिली पायरी व्यासपीठावर नसते, अंगणात असते.

दुसरी गोष्ट म्हणजे, तरुणावर जबाबदारी टाकणे, आणि तीही नाममात्र नव्हे. हिजरतीपूर्वी मदीनेच्या लोकांना धर्म शिकविण्यासाठी पैगंबरांनी तरुण मुसअब बिन उमैर (रजि.) यांना पाठविले. एका शहराचे भवितव्य त्यांनी एका तरुणाच्या हाती सोपविले. मक्का विजयानंतर त्या नगरीचा कारभार अत्ताब बिन असीद (रजि.) यांच्याकडे दिला. त्यांचे वय तेव्हा विशीच्या आसपास होते, आणि मक्केत वयस्कर सरदारांची वाण नव्हती. हजरत उमर (रजि.) यांनी बद्रच्या ज्येष्ठ सहाबींच्या बैठकीत तरुण अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांना बसविले. ज्येष्ठांपैकी काहींना ते खटकले, कारण त्या वयाची मुले त्यांच्याही घरी होती. उमर (रजि.) यांनी वाद घातला नाही. सूरह अन्-नस्रचा अर्थ त्यांनी सर्वांना विचारला. जे ज्येष्ठांना सुचले नाही ते त्या तरुणाने सांगितले, की या सूरहमध्ये पैगंबरांच्या निरोपाची चाहूल आहे. त्यानंतर कोणाच्या मनात शंका राहिली नाही.

जबाबदारी दिली की चुकाही होणार. हजरत मुआज बिन जबल (रजि.) इशाच्या नमाजमध्ये इतके दीर्घ पठण करीत, की दिवसभर राबून थकलेला एक माणूस जमात सोडून निघून गेला. तक्रार आली तेव्हा पैगंबर (स.) मुआज यांच्यावर रागावले. लोकांना कसोटीत टाकतोस काय, अशा शब्दांत त्यांनी समज दिली आणि लहान सूरह पढण्यास सांगितले. पण याच मुआज यांना पुढे त्यांनी यमनला आपला प्रतिनिधी म्हणून पाठविले. निरोपाच्या वेळी मुआज स्वारीवर होते आणि अल्लाहचे पैगंबर उपदेश करीत त्यांच्या बाजूने पायी चालत होते. आपल्याकडे तरुणाच्या हातून हिशेबात एक चूक झाली की “पोरांच्या हाती दिले की असेच होते” असे म्हणून किल्ल्या परत घेतल्या जातात. पैगंबरी रीत अशी, की चूक सुधारावी आणि माणूस राखावा.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. ती म्हणजे टीका होते तेव्हा तरुणाच्या पाठीशी उभे राहणे. आपल्या अखेरच्या दिवसांत पैगंबरांनी उसामा बिन जैद (रजि.) यांना सैन्याचे सेनापती नेमले. त्यांचे वय अठरा ते वीसच्या दरम्यान होते आणि त्यांच्या हाताखाली हजरत उमर (रजि.) यांच्यासारखे ज्येष्ठ होते. लोकांत कुजबुज झाली. पैगंबर आजारी होते, तरीही त्यांनी लोकांना सुनावले, की तुम्ही याच्या वडिलांच्या नेतृत्वावरही आक्षेप घेतला होता. ते पात्र होते आणि हाही पात्र आहे. पैगंबरांच्या निधनानंतर, हिजरी 11 मध्ये, मदीनेवर संकटाचे ढग असताना सेनापती बदलावा असा आग्रह झाला. खलीफा अबूबकर (रजि.) यांनी तो मानला नाही. सैन्य निघाले तेव्हा उसामा घोड्यावर होते आणि साठीचे खलीफा पायी चालत होते. उसामा यांनी संकोचून उतरण्याची तयारी दाखविली, पण अबूबकर (रजि.) यांनी त्यांना उतरू दिले नाही. शिवाय उमर (रजि.) यांना मदीनेत ठेवून घ्यायचे होते, म्हणून खलीफांनी त्यासाठी त्या तरुण सेनापतीची परवानगी मागितली. हुकूम देण्याचा अधिकार असताना परवानगी मागणे, यापेक्षा मोठा सन्मान कोणता?

वाचकहो, ही उदाहरणे केवळ इतिहासात ठेवण्यासाठी नाहीत. 2020 साली कोरोनाच्या साथीत आपल्याच पुणे शहरात रक्ताची माणसेही मृतदेहाजवळ येण्यास धजावत नव्हती. तेव्हा मूलनिवासी मुस्लिम मंचाच्या व इतर स्वयंसेवकांनी संरक्षक पोशाख चढवून सर्व धर्मांच्या मृतांचे अंत्यसंस्कार केले, ज्याचे त्याच्या धर्मरीतीप्रमाणे. आझम कॅम्पसने आपल्या मशिदीतील सभागृह विलगीकरणासाठी देऊ केले. इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने रमजानमध्ये जकात व देणग्यांतून सुमारे 36 लाख रुपये उभे केले आणि तेथील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात 10 खाटांचा अतिदक्षता विभाग साकारला. त्यात उपचार घेणाऱ्याला कोणी धर्म विचारणार नव्हते. तरुणपणी पैगंबरांनी मक्केत ज्या ‘हिल्फुल् फुजूल’ करारात भाग घेतला होता, त्याचाही आशय हाच होता, की पीडित कोणीही असो, त्याच्या बाजूने उभे राहायचे. प्रेषितत्व लाभल्यानंतरही त्या कराराची आठवण ते अभिमानाने काढीत.

त्या साथीत धावणाऱ्या मुलांची छायाचित्रे आपण एकमेकांना पाठविली, ‘माशाअल्लाह’ म्हटले. पण साथ ओसरल्यावर त्यांपैकी किती जणांना आपल्या जमातीच्या बैठकीत खुर्ची मिळाली? ज्याच्या हाती आपण आपले मृत सोपविले, त्याच्या हाती मशिदीचा हिशेब सोपविण्यास आपण का कचरतो? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक जमातीने, प्रत्येक विश्वस्ताने आपल्या अंत:करणाला द्यावे.

जी गावे कोळवणसारखी आडबाजूला आहेत, तेथे हा प्रश्न आणखी गंभीर आहे. अशा गावांत मुसलमानांची घरे मोजकी असतात. शिकलेला मुलगा नोकरीसाठी पिरंगुट, हिंजवडी किंवा पुण्याला जातो. तो आठवड्याला गावी परततो की कायमचा दूर होतो, हे पगारावर जितके अवलंबून असते तितकेच गावात त्याच्या शब्दाला किंमत आहे की नाही, यावरही असते. पंचवीस घरांतून एक मुलगा तुटला तर शहरातील मोठ्या जमातीला कदाचित कळणारही नाही, पण गावात मात्र कबर खोदणारा एक हात कमी होतो.

म्हणून काही गोष्टी आजच करता येतील. मशिदीच्या व जमातीच्या समितीत निदान दोन तरुणांना मताधिकारासह घ्यावे. जकात-सदक्याच्या वाटपाची यादी त्यांना करू द्यावी, कारण कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही हे त्यांना आपल्याआधी कळते. वर्षातून एकदा जाहीर सत्कार करण्याऐवजी प्रत्येक कामानंतर घरी जाऊन त्याच्या आई-वडिलांसमोर दोन शब्द बोलावेत. गैरहजर असेल त्याची चौकशी करावी. आणि आपल्या मुलींना विसरू नये. रुफैदा (रजि.) यांचा जखमींच्या शुश्रूषेचा तंबू पैगंबरांच्या मशिदीत उभारला गेला होता. जी मुलगी आज शेजारच्या मुलांना शिकविते, रुग्ण स्त्रीसोबत दवाखान्यात जाते, तिच्यासाठीही मशिदीच्या कामात जागा असली पाहिजे.

तरुण मित्रांनो, तुम्हालाही एक विनंती. वडीलधाऱ्यांनी ओळख दिली नाही म्हणून हात आखडू नका. मुसअब (रजि.) उहुदच्या रणांगणात शहीद झाले तेव्हा त्यांना पुरेसे कफनही मिळाले नाही, डोके झाकले तर पाय उघडे पडत. अल्लाहच्या दरबारी त्यामुळे त्यांचे स्थान उणे झाले नाही. ज्या दिवशी कोणतीच सावली नसेल, त्या दिवशी अल्लाहच्या सावलीत असणाऱ्या सात प्रकारच्या लोकांत त्याच्या भक्तीत वाढलेला तरुण आहे, असे पैगंबरांनी सांगितले आहे. हा सन्मान कोणतीही समिती देऊ शकत नाही आणि रोखूही शकत नाही. ज्येष्ठांशी अदबीने बोला, कामाचा हिशेब चोख ठेवा आणि मशिदीचा उंबरा सोडू नका.

पण हे त्यांना सांगून ज्येष्ठांची सुटका होत नाही. त्यांचा मोबदला अल्लाहकडे सुरक्षित आहे, जाब आपल्याला द्यायचा आहे. आपल्या हाती आलेली ही पिढी अमानत आहे. तिला केवळ खुर्च्या उचलायला लावल्या, की नेतृत्व उचलायला शिकविले, हे एक दिवस विचारले जाईल.

हे अल्लाह, आमच्या तरुणांच्या सेवेचा स्वीकार कर, त्यांचे हेतू शुद्ध ठेव. आम्हा ज्येष्ठांना अबूबकर (रजि.) यांच्यासारखे त्यांच्या बाजूने पायी चालण्याचे मोठेपण दे. आमीन.