बाहुलीघराचें कपाट

लहान वस्तूंविषयींचें कर्तव्यहि लहान असतें काय, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. परंतु गेल्या दिवाळींत तो आमच्यापुढें अशा रीतीनें उभा राहिला कीं, त्याचा निकाल लावल्यावांचून आम्हांस सुटका नव्हती.

बाहुलीघराचें सामान स्वहस्तें करणाऱ्या हौशी मंडळींत सणाच्या सुमारास वस्तूंची अदलाबदल करण्याचा प्रघात आहे. पाश्चात्य देशांत ती नाताळांत होते. आमच्या दहाबारा स्नेह्यांनीं ती दिवाळीस जोडून घेतली, आणि भातुकलीवर वाढलेल्या आपल्या समाजास तींत परकें असें कांहींच वाटूं नये. चिठ्ठ्या टाकावयाच्या, ज्याचें नांव येईल त्याच्यासाठीं एक वस्तु करावयाची, आणि आपणांस कोण काय देणार हें शेवटपर्यंत कळावयाचें नाहीं. किंमत कोणीं विचारावयाची नाहीं. माप मात्र सर्वांचें एक : फुटास एक इंच.

हें माप वाटतें तितकें सोपें नाहीं. सहा फुटांचें कपाट सहा इंचांचें होतें, म्हणजे घनफळानें मूळच्या १,७२८ वा हिस्सा उरतो. श्रम मात्र त्या प्रमाणांत उतरत नाहींत. कारण सर्वच गोष्टी लहान व्हावयास तयार नसतात. सागाचे रेषे आहेत तेवढेच राहतात आणि चिमुकल्या फळीवर दोरखंडासारखे दिसतात. म्हणून हेदूसारखें बारीक पोताचें लाकूड शोधावें लागतें. कापडाचा ताठपणा कमी होत नाहीं. म्हणून पडद्याच्या चुण्या पातळ खळींत भिजवून, टांचण्यांनीं बसवून वाळवाव्या लागतात. रंगाच्या थराची जाडीहि कमी होत नाहीं, आणि आमचा घात तिनेंच केला.

आम्हीं तीन खणांचें कपाट केलें होतें. कोऱ्या लाकडाचे तिन्ही खण सुरळीत सरकत. रंगाचे दोन हात दिल्यावर खालचा, जो आधींच थोडा घट्ट होता, तो अडकला. खण काढून, घासून पुन्हां रंगविणें हा एकच उपाय होता. पण देण्याचा दिवस दोन दिवसांवर आला होता. आम्हीं सरसाचा एक थेंब सोडला, खण कायमचा मिटविला आणि वर पितळी मूठ बसविली. बाहुली कांहीं खण ओढणार नाहीं, असें स्वतःस बजावलें.

आम्हांस जी वस्तु मिळाली ती एक ओबडधोबड पेटी होती. कडी वांकडी, झांकण किंचित् तिरपें. तीन आठवड्यांच्या जाग्रणाचा मोबदला हाच काय, असा विचार मनांत आला, हें कबूल केलें पाहिजे. आठवडाभर ती पेटी आम्हीं उघडलीहि नाहीं. उघडली तेव्हां आंत घडी घातलेली गोधडी निघाली : तुकडे नखाएवढे, टांके मोहरीएवढे, आणि उलटी बाजू सुलट्या बाजूइतकीच नेटकी. ती करणाऱ्या बाईंनीं सोबतच्या चिठ्ठींत गोधडीविषयीं एक अक्षरहि लिहिलें नव्हतें.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, बाहुलीघर म्हणजे मुळांतच सोंग. त्यांतील दिव्यांत तेल नसतें, पुस्तकांत अक्षरें नसतात. मग एका खणाचेंच खोटेपण कां टोंचावें? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो दोन भिन्न गोष्टी एक करतो. नुसत्या रंगानें काढलेला खण आपण चित्र आहों हें लपवीत नाहीं. मूठ लावलेला, भोंवतीं फट ठेवलेला आणि आंतून चिकटविलेला खण उघडण्याचें वचन देतो आणि तें मोडतो. नव्या दिल्लीची उभारणी चालू असतांनाच तिचे वास्तुशिल्पज्ञ सर एडविन लट्यन्स यांनीं राणी मेरीसाठीं १९२१ ते १९२४ या काळांत एक बाहुलीघर रचलें. तें आज विंडसरच्या राजवाड्यांत आहे. त्याच्या नळांतून पाणी येण्याची सोय आहे, आणि ग्रंथालयांतील चिमुकल्या पुस्तकांसाठीं आर्थर कॉनन डॉइलसारख्या लेखकांनीं खरोखर लेखन करून दिलें. इतका थाट सर्वांनीं करावा असें आमचें म्हणणें नाहीं. नळ चित्रांतला असला तरी चालेल. तो खरा आहे असें मात्र भासवूं नये.

शिवाय, बाजारांत घेणारा वस्तु पारखून घेतो आणि फसल्यास परत करतो. अदलाबदलींत पारख नाहीं, किंमत नाहीं, तक्रारीस जागा नाहीं. घेणारा हात पुढें करतो तो केवळ विश्वासानें. म्हणून येथें देणाऱ्याचें बंधन हलकें नसून अधिक जड आहे. आम्हीं दुसऱ्याचे श्रम बाहेरून मोजले आणि स्वतःची लबाडी आंत झांकली; दोन्ही वेळां भिस्त वरच्या रंगावरच ठेवली. फुटास इंच हें प्रमाण लांबीरुंदीचें आहे. सचोटीस तें लागू नाहीं.

कपाट ज्यांच्याकडे गेलें त्या गृहस्थांस आम्हीं सर्व हकीकत कळविली. त्यांचें उत्तर आलें कीं, तो खण त्यांच्या नातीनें पहिल्याच दिवशीं ओढून पाहिला होता. सणाचा दिवस म्हणून ते कांहीं बोलले नाहींत. कपाट आम्हीं परत मागविलें आहे. सरस कोमट पाण्यानें सुटतो. परंतु लाकूड फुगूं न देतां तो सोडविण्यास चार संध्याकाळ तरी लागतील असें दिसतें.