मंदिरातील मुलांचे वसंतगान

शास्त्रपाठ : मत्तय २१:१४–१६



यहूदी लोक वल्हांडणाचा सण अबीब महिन्यात पाळीत. अबीब म्हणजे जवाच्या कोवळ्या कणसांचा महिना (निर्गम १३:४). आपल्या फाल्गुन-चैत्राच्या सुमारास तो येतो. तेव्हा आपला प्रभू शिंगरावर बसून यरुशलेमात आला त्या वेळी तिकडे वसंत ऋतू होता, आणि मंदिराच्या अंगणात ज्या मुलांनी होसान्नाचा घोष केला, त्यांचे गाणे हे वसंतातलेच गाणे होते. झावळ्यांच्या रविवारी व पुनरुत्थानदिनी शिरूर व दौंड या भागांतील आपल्या मंडळ्यांत मुले गातात. त्यांच्याकडून तयारी करून घेणाऱ्या गुरुजींनी, बाईंनी व आईबापांनी हा शास्त्रभाग पुढे ठेवून विचार करावा, एवढ्याचसाठी आम्ही हे लिहीत आहो.

ही हकिकत एकटा मत्तयच सांगतो. तिचा क्रम पाहण्याजोगा आहे. प्रभूने सराफांचे चौरंग उलथून टाकिले व मंदिर मोकळे झाले. त्या मोकळ्या जागेत आधी आंधळे व पांगळे आले, आणि त्यांस बरे करण्यात आले. मग मुलांचा आवाज ऐकू आला. म्हणजे ही मुले व्यासपीठावर ओळीने उभी नव्हती; नुकत्याच बऱ्या झालेल्या दीनदुबळ्यांच्या गर्दीत ती होती. त्यांस ते गीत कोणी शिकविले? कोणीच नाही. रस्त्याने चालताना मोठ्यांनी जो घोष केला, तोच त्यांनी उचलला. मंदिरात मोठ्यांचा आवाज चालू राहिल्याची नोंद मत्तय करीत नाही. आत तो घोष आणिला तो मुलांनीच. होसान्ना हा शब्द एकशे अठराव्या स्तोत्रातल्या विनवणीतून आलेला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ आमचे तारण कर असा आहे. आरोळी आनंदाची, पण तिच्या पोटात प्रार्थना. त्या लेकरांस हा अर्थ पुरता ठाऊक होता की नव्हता, हे प्रभूने विचारिले नाही. मुख्य याजक व शास्त्री मात्र संतापले. आजही आपल्या मंदिरांत मुलांचा आवाज चढला की मागे वळून डोळे वटारणारे पुष्कळ असतात, आणि ते बहुधा फार शास्त्र जाणणारेच असतात! प्रभूने त्यांस आठव्या स्तोत्राची आठवण दिली. तान्ह्या मुलांच्या मुखातली स्तुती देव स्वतः सिद्ध करितो, असे ते स्तोत्र म्हणते.

आता आपल्या वसंताकडे येऊ. पॅलेस्टाईन देशात पाऊस हिवाळ्यात पडतो. म्हणून गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात (२:११–१२) वसंताचे वर्णन पाऊस सरल्यावर आलेल्या फुलांचे आहे. पाश्चात्य देशांत बर्फ वितळला म्हणजे वसंत येतो, आणि तिकडून भाषांतरित होऊन आलेल्या मुलांच्या गीतांत तेच वर्णन असते. ती गीते वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण शिरूरच्या मुलाने बर्फ पाहिला आहे तो गोळेवाल्याच्या गाडीवर, आणि तो वितळू लागला की त्यास आनंद न होता दुःखच होते! आपल्याकडे पाऊस ज्येष्ठात सुरू होतो व आश्विनात उरकतो. हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. चैत्र येईतो माळ पिवळे पडलेले असतात, घोडनदीची व भीमेची पात्रे रोडावलेली असतात, रब्बीची ज्वारी खळ्यातून घरात आलेली असते. अशा कोरड्या दिवसांत आपला वसंत येतो. पळसाची पाने सारी गळून जातात. झाड वाळले असे वाटते. आणि त्याच उघड्या फांद्यांवर केशरी फुले पेटतात. पांगाराही तसाच पाने टाकून फुलतो. वरून पाण्याचा थेंब नाही, आणि कडुनिंबास तांबूस कोवळी पालवी फुटते. ही ओल कोठून आली? ती खोल मुळाशी होती. कबरेवर धोंडा लोटला होता त्या शनिवारी शिष्यांस जे दिसत नव्हते, ते मुलांस समजावून सांगावयास पळसाहून चांगले चित्र आम्हांस ठाऊक नाही. बर्फाच्या वसंतात मेलेले जग हळूहळू ऊब घेऊन जागे होते. आपल्या वसंतात ऊन वाढत असता, भूमी तापत असता फूल येते. पुनरुत्थानाची गोष्ट आपल्या मुलांस त्या झाडाखाली उभे करून सांगावी, आणि मग गाणे सुरू करावे.

म्हणून आमचे असे मत आहे की, वसंतगानाची तालीम मंदिराच्या भिंतींआड सुरू करू नये. एका सकाळी, उन्हे चढण्याच्या आधी, मुलांस ओढ्याकाठी न्यावे व प्रथम काही वेळ गप्प बसवावे. हे गाण्याहून कठीण आहे, पण गाणाऱ्यास ऐकावयास शिकणे भाग आहे. कोकिळाचा आवाज कोणत्या सुरावर चढत जातो ते मुले सहज उचलतात. तो गाणारा नर काळाकुळकुळीत असतो, मादी ठिपक्याठिपक्यांची असते, आणि तिची अंडी कावळ्याच्या घरट्यात उबतात, हेही सांगावे. मुलांस ही गोष्ट फार आवडते.

चालीसाठीही दूर जाण्याचे कारण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांस महाराष्ट्र फुलामुलांचा कवी म्हणून ओळखतो. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्यांनी आपल्या मंडळीस अभंग व ओवी यांच्या वळणाची भजने दिली. विलायती चालींत अवघडून बसलेली आपली उपासना त्यामुळे मोकळी झाली. ओवी तर आपल्या घरोघरी होती. हेमा राईरकर व गी पॉइट्वाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस जात्यावरच्या ओव्या गोळा करविल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या. त्यांत आपल्या पुणे जिल्ह्यातील गावांच्या बायांचे आवाज आहेत. जाते आता क्वचितच फिरते, परंतु ज्या आजीने ते ओढिले ती अजून पुष्कळ घरांत आहे. तिला रविवारच्या शाळेत बोलवावे, चाल तिच्याकडून घ्यावी, आणि शब्द मुलांकडून जुळवून घ्यावे : पळस, कैरी, मोहोर, रिकामी कबर. दोन-चार ओव्या मुलांनी स्वतः जुळविल्या तर त्या ओबडधोबड होतील, होऊ द्याव्या. दौंडच्या मंडळीत थोडी निराळी अडचण येते. मनमाडचा फाटा १८७८ साली सुरू झाल्यापासून दौंड हे जंक्शन आहे, व रेल्वेमुळे नाना भाषांची कुटुंबे तेथे आली. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलास मराठी भजन वाचता येत नाही, हा अनुभव आता शिरूरातही येऊ लागला आहे. अशा मुलास पुस्तक न देता तोंडी शिकवावे. ओवी ही मुळात तोंडीच चालत आलेली आहे.

गुरुजींस एक सूचना करावीशी वाटते. पुरुषाने आपल्या सोयीचा खालचा सूर धरिला की मुलांचा आवाज खाली जाऊन गुदमरतो. मग ती नुसती पुटपुटतात, आणि मुले मन लावून गात नाहीत असा दोष त्यांस लागतो. काळी चार किंवा त्याच्या आसपासची पट्टी धरून पाहावे. तसेच मोबाईलवर तयार वाजणाऱ्या साथीवर मुलांस गावयास लावू नये. ते यंत्र मुलासाठी थांबत नाही. लहानगा चुकला, अडखळला, तर ढोलकीवाला एक आवर्तन अधिक वाजवून त्यास सांभाळून घेतो.

आणि बक्षिसांविषयी. गाण्याच्या चढाओढीत पहिला नंबर काढावयाचा असला की दहा चांगले आवाज निवडले जातात व बाकीची मुले बाकांवर बसविली जातात. मंदिरातल्या त्या मुलांपैकी कोणाचा आवाज चांगला होता हे मत्तयाने लिहून ठेविले नाही.

याहून मोठी निवड मात्र आपल्या नकळत होत असते, आणि तिच्याविषयी आम्हांस खरी काळजी वाटते. शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांत साखरेचे कारखाने आहेत. दिवाळी झाली की बीडकडून व नगर जिल्ह्याच्या पूर्व भागातून ऊस तोडणाऱ्यांच्या टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. लेकरे फडात किंवा कोप्यांत. आपली मुले फाल्गुनात वसंतगानाची तालीम करितात तेव्हा ही मुले आपल्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर असतात. संध्याकाळी पेटीचा आवाज ऐकून त्यांतली दोन-तीन दाराशी येऊन उभी राहतात. त्यांचे पाय चिखलाचे असतात. त्यांस हाकलून देत नाहीत, एवढे आपण करितो. पण सतरंजीवर या असेही कोणी म्हणत नाही. ती कोणत्या धर्माची, कोणत्या जातीची, असा प्रश्न मनात येतो. कावळा बिचारा न जाणता परक्याचे पिल्लू भरवितो. आपण जाणून-बुजून विचार करीत बसतो. मत्तयाच्या क्रमात आधी आंधळे-पांगळे आत आले, गाणे नंतर झाले, हे आम्ही वर सांगितले ते याचसाठी. दाराशी ही लेकरे उभी असता आत होसान्ना गाणे हे त्या क्रमाच्या उलट होय.

ह्यात त्यांस आपल्यात ओढून घेण्याचा डाव नसावा. त्यांच्या आईबापांस आधी विचारावे, आणि मुलांस खेळावयास व गावयास बोलवावे. त्यांच्या गावची गाणी आपल्या मुलांस येत नाहीत. ती त्यांच्याकडून शिकावी. एक गाणे त्यांनी द्यावे, एक आपण द्यावे. बालाघाटच्या डोंगरातली पोरे कोकिळाची नक्कल आपल्या मुलांहून चांगली करितील असा आमचा अंदाज आहे.

पण वेळ थोडा असतो. हंगाम साधारणतः मार्चात संपतो, ऊस कमी असला तर आधीच. पुनरुत्थानाचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो. तो उशिरा आला तर तोवर कोप्या मोडून टोळ्या परतलेल्या असतात. म्हणून तालीम फाल्गुनाच्या पहिल्या रविवारीच सुरू करावी, व सणाची वाट न पाहता मुलांचे गाणे एकदा टोळी असतानाच कोप्यांपाशी व्हावे. बाया फडातून परत येतात तेव्हा अंधार पडलेला असतो, म्हणून एक कंदील बरोबर न्यावा. झावळ्या ओढ्याकाठच्या शिंदीच्या आणाव्या. तिच्या देठाशी लांब काटे असतात. ते कोयत्याने तासून मगच झावळी मुलांच्या हाती द्यावी, आणि त्या कामास टोळीतल्या एखाद्या बापास बोलवावे.