प्रश्न कुणी मांडला?

दोस्तहो, पुण्यातल्या आपल्या एका वस्तीतल्या बैठकीची गोष्ट. नळाला दिवसाकाठी तासभर पाणी, हंड्यांची रांग, रोजची मारामारी. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारं एक हुशार पोरगं वहीत हिशेब मांडून आलं. घरटी अमुक हंडे, अमुक मिनिटं. पाळ्या लावल्या की भांडण खलास. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मागं बसलेली म्हातारी म्हणाली, "लेकरा, पलीकडच्या सोसायटीत कोण पाळीनं भरतंय का रं पाणी?"

बैठक गप्प. पोराचं गणित बरोबर होतं, प्रश्न चुकला होता. त्यानं सोडवलं ते 'आहे ते पाणी कसं वाटायचं' एवढंच. म्हातारी विचारत होती, 'आमच्याच वाट्याला एवढं का?'

बुद्धी उत्तर शोधते. पण कुठला प्रश्न हाती धरायचा, कुणाच्या बाजूला उभं राहून तो बघायचा, हे दृष्टी ठरवते.

पुणं बुद्धीचं शहर, नाही कोण म्हणतो? अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी भुयारी नळानं, नुसत्या उतारावर, शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पेठांतले हौद भरले. डोकं लागतंच त्याला. पण अस्पृश्याला हौदाला हात लावायची बंदी. पाणी कात्रजहून आणता आलं, हौदाच्या काठापासून माणसाच्या ओंजळीपर्यंत नाही पोचवता आलं. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. काही नवीन यंत्र नाही शोधलं त्यांनी. अडचण पाण्याची नाही, काठावरल्या पहाऱ्याची आहे, एवढं ओळखलं.

'त्यांना वेगळी विहीर खणून द्या' म्हणणारेही होतेच. तोडगा हुशारीचा. पाणी मिळतं, तंटा मिटतो, आणि अस्पृश्यता दगडी बांधकामात पक्की होते!

महाड आठवा. 1923 साली मुंबईच्या विधिमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. 1924 साली महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. कागदावर! 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती तहानेसाठी नव्हे. आपण माणूस आहोत की नाही, हा प्रश्न त्यांनी त्या पाण्यात उभा केला.

मग विरोधक कोर्टात गेले, तळं खासगी आहे म्हणाले. बघा, बुद्धी तिकडंही होती. डिसेंबरात मनाईहुकूम आला. हजारो माणसं जमलेली, रक्त तापलेलं. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तळ्यावर जाणं मात्र बाबासाहेबांनी तहकूब केलं. कोर्टातला लढा चिकाटीनं चालवला. 1937 साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. दृष्टी होती म्हणून घाव मुळावर पडला. बुद्धी होती म्हणून घाईनं घात झाला नाही.

हे दुसरं आपण विसरतो. दृष्टी आहे म्हणून अभ्यास नको, घोषणा दिली की झालं, असं समजणारे आपल्यातही आहेत. घोषणेनं नळाचा इंच वाढत नाही. पण नुसत्या हुशारीवरही भरवसा नको. बुद्धिमान माणूस सज्जन असेलच असं नाही, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये बजावलंय. म्हणून तर ते प्रज्ञेच्या जोडीला शील आणि करुणा मागतात.

आज आपली पोरं पुण्याच्या अभ्यासिकांत रात्री जागवतात. शिकावंच, साहेब व्हावंच. पण परीक्षेत प्रश्नपत्रिका दुसरा काढतो, आपण चार पर्यायांतला एक निवडतो. ती सवय चळवळीत आणलीत तर दुसऱ्याच्या प्रश्नांची उत्तरं देण्यात जन्म जाईल. आधी विचारा, हा प्रश्न कुणी मांडला? आणि कोणता प्रश्न झाकायला?

त्या पोरानं त्याच रात्री वहीचं पान उलटलं. घरं किती, नळ किती, पाणी किती तास. आपल्याकडं किती, पलीकडं किती. गणित तेच, प्रश्न नवा. खाली म्हातारीचा पहिला अंगठा. अर्ज गेलाय. पाणी अजून वाढलेलं नाही. पाळ्या चालू आहेत, कारण रोजची डोकी फुटायला नकोत. पण पाळ्या लावल्या म्हणजे प्रश्न सुटला, असं आता वस्तीत कुणी म्हणत नाही.

जय भीम!